‘नवी’ गाडी नेमकी किती नवी?

समजा, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाने दसऱ्याच्या मुहूर्तावर मोटार घेतली. अनेक वर्षांची बचत, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि उरलेल्या पैशांसाठी बँकेचे कर्ज. गाडीला हार घातला, शेजाऱ्यांना पेढे वाटले. पेणच्या परिवहन कार्यालयाकडून ‘एमएच-०६’ने सुरू होणारा क्रमांकही मिळाला. काही आठवड्यांनी नोंदणीचे स्मार्टकार्ड टपालाने घरी आले. त्यावर उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते. तो महिना चौदा महिन्यांपूर्वीचा निघाला. गाडीने अंतर कापलेले नव्हते, आसनांवरचे प्लॅस्टिकही निघाले नव्हते. तरीही ती वर्षाहून अधिक काळ कुठेतरी उभी होती आणि दाम मोजणाऱ्याला ते कोणी सांगितले नव्हते.

त्या गृहस्थाची फसवणूक झाली काय? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. जुन्या साठ्यातील गाडी विकणे हा गुन्हा नाही. मात्र ती जुन्या साठ्यातील आहे हे दडवून ताज्या गाडीच्या भावाने विकणे निश्चितच अनुचित आहे. या दोहोंमधला फरक ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी ओळखला पाहिजे, कारण नोंदणी झाल्यानंतर बाजू सावरणे फार कठीण जाते.

गाडीच्या दोन जन्मतारखा

प्रत्येक मोटारीला दोन तारखा असतात. एक कारखान्यातून बाहेर पडल्याची आणि दुसरी परिवहन कार्यालयात नोंद झाल्याची. खासगी मोटारीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत दुसऱ्या तारखेपासून मोजली जाते. उत्पादकाची हमीदेखील साधारणपणे विक्रीच्या दिवसापासून सुरू होते. त्यामुळे ‘हमी आजपासूनच सुरू होणार, मग उत्पादन कधीचे याने काय फरक पडतो?’ असा युक्तिवाद दालनात ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे.

पुढे गाडी विकायची वेळ आली की जुन्या गाड्यांच्या बाजारात पहिला प्रश्न ‘मॉडेल कोणते?’ हाच असतो आणि तेथे ‘मॉडेल’ म्हणजे उत्पादनाचे वर्ष. ते नोंदणीपत्रावर कायमचे कोरलेले असते. विम्याच्या कागदांतही त्याची नोंद होते. थोडक्यात, हमी आणि नोंदणी दुसऱ्या तारखेने चालतात, पण बाजारातील किंमत बऱ्याच अंशी पहिल्या तारखेने ठरते.

येथे वर्षाच्या आकड्याने होणारा एक भ्रमही लक्षात घ्यावा. डिसेंबरात बनलेली आणि पुढच्या जानेवारीत विकलेली गाडी ‘गेल्या वर्षीची’ म्हटली जाते. प्रत्यक्षात ती एक-दोन महिन्यांची असते. उलट जानेवारीत बनून त्याच वर्षी डिसेंबरात विकली गेलेली गाडी ‘याच वर्षीची’ ठरते, पण तिचे वय अकरा महिने असते. पुनर्विक्रीच्या भावावर वर्षाच्या आकड्याचा परिणाम होतो, हे खरे. परंतु टायर, बॅटरी आणि रबर यांना नव्या वर्षाची दिनदर्शिका कळत नाही. म्हणून वर्ष आणि महिना दोन्ही विचारावेत.

गाडी जुनी होते कशी?

ज्यांनी परवाना राजवटीचा काळ पाहिला आहे, त्यांना हा प्रश्नच अजब वाटेल. त्या काळी कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनीसाठी किंवा बजाजच्या स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. कारखान्यातून निघालेली गाडी थेट वाट पाहणाऱ्याच्या दारात जाई. उभी राहून जुनी होण्याची सवड तिला नव्हतीच. आज रांग उलटी आहे. गाड्या ग्राहकाची वाट पाहतात.

कारखान्याचे उत्पादन मागणीच्या अंदाजावर चालते. अंदाज चुकला, एखादा रंग किंवा उपप्रकार लोकांना रुचला नाही, अथवा त्याच गाडीची सुधारित आवृत्ती येणार असल्याची बातमी फुटली, की साठा साचतो. मोटार कंपन्या दरमहा जाहीर करतात ते ‘विक्री’चे आकडे बहुधा विक्रेत्यांकडे रवाना केलेल्या गाड्यांचे असतात. कंपनीच्या हिशेबी गाडी विकली गेली, तरी ती विक्रेत्याच्या यार्डात उभी असू शकते. वाहन विक्रेत्यांच्या ‘फाडा’ या देशव्यापी संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले होते, की विक्रेत्यांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका, म्हणजे सुमारे ७ लाख ९० हजार प्रवासी गाड्यांचा साठा आहे आणि त्याची किंमत ७९ हजार कोटी रुपयांच्या घरात जाते. २१ दिवसांचा साठा पुरेसा असावा, असे याच संघटनेचे म्हणणे होते. हा माल विक्रेत्याने बहुधा कर्ज काढून उचललेला असतो आणि रोज त्यावर व्याज चढते. जुनी गाडी आधी खपवण्याची त्याची घाई येथून येते.

एखादे मॉडेल किंवा एखादी कंपनीच बाजारातून जाते, तेव्हा हा प्रकार ठळकपणे दिसतो. टाटांच्या नॅनोचे उदाहरण बोलके आहे. २०१९ च्या पहिल्या नऊ महिन्यांत एकही नॅनो बनली नाही, पण फेब्रुवारीत एक विकली गेली. अर्थातच ती आदल्या वर्षीची वा त्याही आधीची असणार. तळेगावात कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये भारतातील विक्री वर्षअखेर थांबवण्याची घोषणा केली. अशा वेळी उरलेल्या गाड्या मोठी सूट देऊन काढाव्या लागतात. ग्राहकाला सगळे ठाऊक असेल आणि किंमत त्या प्रमाणात उतरली असेल, तर अशा व्यवहारात वावगे काही नाही.

मुदत टळली की गाडीच निरुपयोगी

उत्पादनाची तारीख दुर्लक्षित केल्याने काय होऊ शकते, याचा धडा प्रदूषण मानकांनी दोनदा दिला. ‘बीएस-४’ मानक १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू व्हायचे होते. ‘बीएस-३’ची वाहने त्यापूर्वी बनलेली असल्याने ती नंतरही विकता येतील, असे उत्पादक गृहीत धरून होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी तो समज खोडून काढला आणि १ एप्रिलपासून अशा वाहनांच्या विक्रीस व नोंदणीस मनाई केली. तेव्हा सव्वाआठ लाखांच्या आसपास वाहने साठ्यात होती. त्यांत दुचाकी सर्वाधिक होत्या, मोटारी सोळा हजारांच्या घरात. उरलेल्या दोन दिवसांत दुचाकींच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील.

दुसऱ्या वेळी पूर्वसूचना होती. १ एप्रिल २०२० नंतर ‘बीएस-४’ वाहन विकता वा नोंदवता येणार नाही, हे न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितले होते. पण नेमकी मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी आली. न्यायालयाने आधी मर्यादित सवलत दिली, मात्र तिच्या मर्यादा ओलांडल्या गेल्याचे दिसताच जुलै २०२० मध्ये ती मागे घेतली. ३१ मार्चपूर्वी विकल्या गेलेल्या आणि ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीवर नोंद झालेल्या गाड्यांच्या नोंदणीचा मार्ग ऑगस्टमध्ये मोकळा झाला. तोवर पैसे भरून बसलेल्या ग्राहकांच्या जिवाला घोर लागला होता.

यातून घ्यायचा बोध असा, की मानक बदलण्याच्या सुमारास मिळणारी भरघोस सूट तपासून घ्यावी. गाडी कोणत्या मानकाची आहे आणि शेवटच्या दिवसापूर्वी नोंदणी खात्रीने होईल काय, हे लेखी विचारावे. काही वेळा मुदत गाठण्यासाठी गाडी आधी दुसऱ्याच्या नावावर नोंदवलेली असते. मग एक किलोमीटरही न चाललेली गाडी कागदोपत्री दुसऱ्या मालकाची ठरते.

कराच्या बाबतीत मात्र उलटा न्याय आहे. वस्तू व सेवा कर विक्रीच्या वेळच्या दराने लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी बनलेली, पण त्यानंतर विकलेली छोटी मोटारही नव्या दरालाच पात्र ठरते. ‘हा जुना साठा आहे, म्हणून जुनाच कर’ असे कोणी सांगितल्यास ते मानू नये.

उभ्या गाडीचे काय बिघडते?

न चालवलेली गाडी म्हणजे न झिजलेली गाडी, असा सर्वसाधारण समज आहे. चालण्याने झिजणारे भाग शाबूत राहतात, हे खरे. परंतु काही भाग नुसत्या काळाने उतरतात. शिसे-आम्लाची बॅटरी न वापरताही हळूहळू रिकामी होते. ती दीर्घकाळ रिकामी राहिली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. टायर एकाच जागी भार सोसत राहिले की त्यांना सपाट चट्टे पडतात. रबर कडक होत जाते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. टाकीतील पेट्रोलचे हलके घटक उडून जातात. ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो. यार्ड उघड्यावर असेल तर रंगावर डाग पडतात आणि वायरी कुरतडणाऱ्या उंदरांचा उपद्रवही असतो.

कोकणात या यादीला अधिक महत्त्व आहे. कुंडलिकेच्या काठचा रोहे-धाटाव परिसर असो की पेण-पनवेलचा पट्टा, चार महिने धो-धो पाऊस आणि एरवीही दमट हवा. अशा हवेत उघड्यावर एक पावसाळा काढलेली गाडी आणि कोरड्या हवेत छताखाली राहिलेली गाडी यांचे वय कागदावर सारखे असले, तरी प्रकृती सारखी नसते. म्हणून गाडी कधीची आहे यासोबत ती कुठे उभी होती, हेही विचारावे.

विजेवर चालणाऱ्या मोटारीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. लिथियमची बॅटरी न वापरताही काळागणिक थोडी क्षमता गमावते. उष्णतेत आणि पूर्ण भारित अवस्थेत ठेवल्यास हा वेग वाढतो. शिवाय या क्षेत्रातील तंत्र इतके झपाट्याने बदलते, की वर्षभरापूर्वीच्या गाडीला बाजारभावाची झळ लवकर लागते. बॅटरीची हमी कोणत्या तारखेपासून आहे, हे हमीपत्रात वाचूनच सही करावी.

तारीख ओळखावी कशी?

मोटारीचा चासी क्रमांक सतरा अक्षरांचा व अंकांचा असतो. एक आणि शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. उत्पादनाचे वर्ष त्यात एका अक्षराने दर्शवले जाते. प्रचलित संकेतानुसार २०२० साठी ‘एल’, २०२१ साठी ‘एम’, २०२२ साठी ‘एन’, २०२३ साठी ‘पी’, २०२४ साठी ‘आर’, २०२५ साठी ‘एस’ आणि २०२६ साठी ‘टी’. हे अक्षर बहुधा दहाव्या स्थानी असते. तथापि सर्व कंपन्यांची मांडणी एकसारखी नाही आणि महिन्याचे संकेत तर कंपनीगणिक बदलतात. म्हणून स्वतः लावलेला अर्थ सूचक मानावा. पुरावा म्हणून कागदच पाहावा.

तो कागद म्हणजे विक्रेत्याने द्यावयाचा ‘नमुना २१’, अर्थात विक्री प्रमाणपत्र. त्यात चासी क्रमांक व इंजिन क्रमांकाबरोबर उत्पादनाचा महिना आणि वर्ष यांचा रकाना असतो. हेच तपशील पुढे नोंदणीपत्रावर उतरतात. अडचण अशी, की हे प्रमाणपत्र बहुतेकदा विक्रेत्याकडून परस्पर परिवहन कार्यालयाकडे जाते आणि ग्राहकाच्या नजरेस पडतच नाही. नोंदणीआधी ते वाचायला मागावे.

टायरही साक्ष देतात. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायर गाडीच्या थोडे आधी बनलेले असणे स्वाभाविक आहे. पण टायरची तारीख गाडीच्या उत्पादनानंतरची दिसली, तर ते बदलले गेले आहेत असे समजावे आणि कारण विचारावे. जोडीला अंतरमापक पाहावा. कारखाना, यार्ड आणि दालन या फेऱ्यांत काही किलोमीटर होतातच. आकडा शेकड्यांत असेल तर ती चाचणीसाठी फिरवलेली गाडी तर नव्हे, अशी शंका घ्यावी.

सवलत किती मागावी?

आपल्याकडे ‘नवी गाडी’ म्हणजे जास्तीत जास्त किती महिन्यांची, याची मर्यादा कायद्याने आखून दिलेली नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये असा दंडक घालून दिला, की मॉडेल बदललेले नसेल, उभे राहिल्याने गाडीत दोष आलेला नसेल आणि उत्पादन व विक्रीचा करार यांत बारा महिन्यांहून अधिक अंतर नसेल, तरच गाडी ‘कारखान्यातून आलेली कोरी’ म्हणता येईल. अमेरिकेत वेगळीच तऱ्हा आहे. तेथे चासी क्रमांकातील अक्षर ‘मॉडेल वर्ष’ सांगते, म्हणून ऑगस्टमध्ये बनलेली गाडी पुढील वर्षाचे मॉडेल म्हणून विकली जाऊ शकते. जर्मन दंडक आपल्याकडे बंधनकारक नाही, पण घासाघीस करताना ग्राहकाला मनाशी धरायला तो उपयोगी आहे.

दुसरी फूटपट्टी विम्याच्या व्यवसायातील आहे. गाडीचे विमामूल्य ठरवताना सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के आणि एक ते दोन वर्षे २० टक्के घसारा धरण्याचा तक्ता वर्षानुवर्षे वापरात आहे. हा तक्ता वापरातील गाडीसाठी आहे, यार्डातील गाडीसाठी नव्हे, आणि दालनात तेवढी सूट मिळेल अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल. तरी दहा लाखांच्या, चौदा महिने उभ्या राहिलेल्या गाडीवर तीस-चाळीस हजारांची सूट म्हणजे ‘खास तुमच्यासाठी’ दिलेली भेट नव्हे, एवढे त्यातून समजते. सणाची जी सूट ताज्या गाडीवरही मिळते, ती वजा करूनच जुन्या साठ्याची खरी सूट मोजावी. सोबत नवी बॅटरी, नवे ब्रेकचे तेल आणि वाढीव हमी मागण्यास संकोच करू नये. गाडी दहा-बारा वर्षे वापरायची असेल तर पुनर्विक्रीचा तोटा फारसा बोचत नाही, आणि मग योग्य सवलतीतील जुना साठा शहाणपणाची खरेदीही ठरू शकतो. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने मात्र त्यापासून दूर राहिलेले बरे.

कायदा कोणाच्या बाजूने?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत जुना, वापरलेला अथवा दुरुस्त केलेला माल नवा असल्याचे खोटे भासवणे, याचा स्पष्ट उल्लेख आहे. १९८६ च्या कायद्यातही ही तरतूद होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, नव्या गाडीचे पैसे घेऊन वापरलेली गाडी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे म्हटले. न वापरलेल्या, पण जुन्या साठ्यातील गाडीचे प्रकरण याहून वेगळे असते. तेथे निकाल ग्राहकाला काय सांगितले गेले आणि काय दडवले गेले, यावर अवलंबून राहतो. म्हणूनच तोंडी आश्वासनापेक्षा चिठ्ठीवरची एक ओळ मोलाची ठरते.

ती ओळ मिळवायची वेळ आगाऊ रक्कम देण्याची. ‘अमुक महिन्यानंतर बनलेली गाडीच स्वीकारीन’ असे मागणीपत्रावर लिहून विक्रेत्याची सही घ्यावी. उर्वरित रक्कम किंवा कर्जाचा धनादेश देण्यापूर्वी नेमून दिलेल्या गाडीचा चासी क्रमांक मागावा आणि ती गाडी दिवसाउजेडी प्रत्यक्ष पाहावी. तारीख जुळली नाही, तर नोंदणीस लेखी नकार द्यावा. नोंदणी होईपर्यंत गाडी विक्रेत्याची असते, त्यानंतर ती तुमची होते आणि तिच्यासोबत तिचे वयही. मुहूर्त टळेल या भीतीने बहुतेक जण येथेच मान तुकवतात. पुढच्या पाडव्यालाही गाड्या मिळणारच असतात.

नोंदणीनंतर उलगडा झाला तर मागणीपत्र, पावत्या, जाहिरात आणि मोबाइलवरील संदेश जपून ठेवावेत. विक्रेत्याला व उत्पादकाला लेखी कळवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. पाच ते दहा लाखांच्या खरेदीसाठी शुल्क दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांसाठी चारशे. विशेष म्हणजे २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे दाद मागू शकतो. गाडी मुंबईच्या दालनातून घेतलेली असली, तरी धाटावच्या रहिवाशाला अलिबागच्या आयोगाचा दरवाजा खुला आहे.

मध्यमवर्गीय घरात मोटार ही घराखालोखालची मोठी खरेदी. भाजी घेताना आपण पालेभाजीची जुडी उलटून पाहतो, दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचतो. लाखो रुपये मोजताना मात्र रंग, मुहूर्त आणि पसंतीचा क्रमांक यांतच गुंतून जातो. ‘ही गाडी कोणत्या महिन्यात बनली, ते लिहून द्याल का?’ एवढे एक वाक्य दालनात शिरताच विचारावे. सरळ व्यवहार करणारा विक्रेता त्याचे उत्तर देईल, आणि जो टाळाटाळ करील, त्याने न बोलताही पुरेसे सांगितलेले असेल.